गाडीत न बसणारे मिस्त्री

यंत्रावर श्रद्धा ठेवल्याशिवाय यंत्र माणसाला वश होत नाही. हे वाक्य मी बहात्तरच्या दुष्काळात दुसऱ्यांच्या दोन भाषणांत घातलं आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. यंत्र खरोखर वश असलेला एकच माणूस मी त्या काळात पाहिला. त्याची श्रद्धा तर सोडाच, मोटारीत बसायचीही तयारी नव्हती. तो मोटार दुरुस्त करी आणि तिच्या शेजारून चालत जाई.

आम्ही त्यांना मिस्त्री म्हणत असू. तेरखेड्याच्या रस्त्याला एका बाभळीखाली त्यांचं पत्र्याचं शेड होतं. दुरुस्तीला आलेल्या गाड्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या असत आणि मिस्त्री रस्त्याकडे पाठ करून बसलेले असत. ट्रक जोरात गेला की त्यांचे खांदे वर जात आणि तो लांब जाईपर्यंत खाली येत नसत. एकदा असाच एक ट्रक गेल्यावर ते म्हणाले, "पुढल्या चाकाचं बेरिंग गेलंय त्याचं." त्या ट्रकचा ड्रायव्हर संध्याकाळी पायी परत आला. कपाळाला फडकं बांधलेलं होतं.

निजामाच्या काळात ते कुठल्याशा जहागीरदाराकडे मोटारी धुवायला होते, तिथंच एका उस्तादाच्या हाताखाली शिकले. ते गाडीत का बसत नाहीत याची गावात तीन-चार कारणं सांगत. कुणी म्हणे उस्ताद गाडीखाली गेला, कुणी म्हणे नवस आहे. मी एकदा सरळ विचारलं. ते पाना पुसत म्हणाले, "भाऊसाहेब, आत काय आसतंय ते म्या बगितलंय."

दुरुस्ती झाली की मालकाला ते गाडी पहिल्या गिअरमध्ये न्यायला लावत आणि स्वतः मडगार्डवर तळहात ठेवून शेजारून चालत. कधी कोसभर, कधी दोन कोस. मधेच गाडी थांबवून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावत. खात्री पटली की तुटलेला जुना भाग, मग तो बोल्ट असो की दात उडालेलं चाक, तारेनं ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढं टांगत. कुणी हरकत घेतली तर म्हणत, "इंजिन म्या करतो. भ्या तुमी घिऊन या." त्यांच्या शेडमध्ये तासभर बसलं की मला परतताना सायकलवर बसायचीही धास्ती वाटे. उतार आला की मी खाली उतरून ती हातात धरून चालवत असे.

त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न सास्तूरला ठरलं तेव्हा सगळं वऱ्हाड यष्टीनं गेलं. मिस्त्री तीन दिवस आधी चालत निघाले. वाटेत त्यांना ती यष्टी ओलांडून गेली. घरची माणसं खिडकीतून हात हलवत होती आणि हे रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभे होते. सास्तूरला पोचल्यावर त्यांनी आधी वऱ्हाड मोजलं, मग ते पाणी प्यायले.

असा हा माणूस एका गोष्टीवर मात्र आंधळा विश्वास ठेवी. ती म्हणजे शिक्का मारलेला कागद. त्यांना वाचता येत नव्हतं. उस्तादानं मिळवून दिलेला एक उर्दू परवाना त्यांनी पत्र्याच्या नळीत जपला होता. शिक्क्याचा गोल कुठं आहे तेवढं ते बोटानं दाखवत. "शिक्का कुनी उगं मारतंय व्हय?" असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते भाबडं वाटे. पण शिक्का मारणं हेच माझं काम असल्यामुळं मी काही बोलत नसे.

मी तेव्हा एका नियोजित सहकारी साखर कारखान्याचा एकुलता एक कर्मचारी होतो. कारखाना नियोजित होता, शिक्का तयार होता. तालुक्यात त्या वर्षी रसवंतीला ऊस मिळत नव्हता, विहिरींचे तळ दिसत होते आणि अर्धा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता. अशा वेळी साखर कारखाना काढणं ही दूरदृष्टी आहे, असं आमचे मुख्य प्रवर्तक आबासाहेब म्हणत. म्हणजे ते मी लिहून देई आणि ते म्हणत.

शेजारच्या तालुक्यातल्या प्रवर्तकांकडं जीप होती. आबासाहेबांनी म्हणून परांड्याकडच्या एका जुन्या घराण्याची मोटार आणली. अमेरिकन बनावटीची, काळी, लांबलचक, टप मागं दुमडणारी. पोलीस ॲक्शनपासून ती गोठ्यात उभी होती. जीपमधून माणूस जातो आणि या मोटारीतून दिसतो, हा त्यातला फरक. चालवायला मी, कारण परवाना माझ्याकडं होता आणि वेगळा ड्रायव्हर ठेवायचा तर तोही नियोजितच ठेवावा लागला असता.

मोटारीचं इंजिन ठीक होतं, पण खालचं सगळं गेलेलं. पोट जमिनीला लागे. मागं वजन झेलणारा, पोलादी स्प्रिंगचा आडवा एकच पाटा होता, तोही मोडलेला. गिअर घसरत. पहिल्या दिवशी नाल्यातून चढताना तिनं असा आवाज काढला की मिस्त्री तोंड फिरवून उभे राहिले. दोन महिने ते त्या गाडीखाली होते. लष्करानं मोडीत काढलेल्या जीपचा गिअरबॉक्स त्यांनी तिला बसवला. उलटलेल्या एका ट्रकचे उभे पाटे कापून दोन्ही बाजूंना लावले. मागचा जाड आस बदलला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट मधे कापून, मापात आणून पुन्हा जोडला. शाफ्ट जिथून जातो तिथं वर चेसीची एक आडवी पट्टी होती आणि त्या पट्टीच्या कडेनं ब्रेकच्या तेलाची नळी गेली होती. माणसं बसली की पाटे दबणार आणि शाफ्ट पट्टीच्या जवळ सरकणार. मिस्त्रींचा सगळा जीव त्या जागेत होता.

"मधी तीन बोटं ऱ्हायली पायजेत," त्यांनी मला बोटं दाखवून सांगितलं. "कोन कोन बसनार आन कुनाचं वजन किती, त्ये लिवून आना."

आबासाहेबांना गाडी मऊ हवी होती, म्हणून पाटे कमी करायचे होते. किती कमी, ते वजनावर ठरणार होतं.

यादी करायला मी कार्यालयात गेलो तेव्हा आबासाहेब आणि तिघं संचालक बसलेले होते. आबासाहेबांच्या खुर्चीचे हात काढून टाकलेले होते, कारण हातांसकट ते तिच्यात मावत नसत. पण महिन्यापूर्वीच खडीच्या कामावर त्यांनी जाहीर केलं होतं की पाऊस पडेपर्यंत आपण एक वेळ जेवणार. भाषण माझंच होतं. वजन विचारल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिहा, साठ."

मी त्यांच्याकडं न बघता साठ लिहिलं. मग उपाध्यक्षांनी अठ्ठावन्न सांगितलं. आबासाहेबांच्या पुढं जाणं त्यांना बरं दिसेना. उरलेल्या दोघांनी पंचावन्न-पंचावन्न घेतले. त्यातले एक जुने पैलवान होते, त्यांनी आकडा सांगताना खाली बघितलं. माझं बावन्न होतं, ते मी खरं लिहिलं. खोटं बोलण्याएवढा माझा हुद्दा नव्हता. खाली शिक्का मारला आणि कागद मिस्त्रींना वाचून दाखवला.

आता वाटतं, त्यांनी माणसांकडं एकदा बघायला हवं होतं. पण आबासाहेब शेडवर कधी आले नव्हते आणि मिस्त्री कार्यालयाची पायरी चढत नसत. त्यांनी कागदावरच्या गोलावरून बोट फिरवलं आणि कामाला लागले. खरेदी-विक्री संघाच्या गोदामातून मिलोची, म्हणजे दुष्काळात आलेल्या अमेरिकन लाल ज्वारीची, पोती आणली, काट्यावर बरोबर साठ, अठ्ठावन्न, पंचावन्न, पंचावन्न भरली आणि सीटवर बसवली. दोन-दोन पाटे काढले. मग नव्या घाटातून, म्हणजे दुष्काळी कामावर बालाघाट फोडून परांड्याच्या अंगाला काढलेल्या कच्च्या रस्त्यानं, आम्ही ती पोती दोन वेळा खाली नेली आणि वर आणली. मी चालवत होतो, ते शेजारून चालत होते. दुसऱ्या खेपेला निम्म्या उतारावर त्यांनी मडगार्डवरचा हात काढला. तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

"जमलं," ते म्हणाले.

हँडब्रेक जोडायचा राहिला होता. त्यांनी चार दिवस मागितले. पण भूमिपूजनाचा मुहूर्त आधीच निघालेला होता.

त्या दिवशी सकाळी चावडीपुढं चार गावची माणसं जमली होती. तेरखेड्याहून दारू आणली होती, म्हणजे शोभेची. बार उडत होते आणि प्रत्येक बाराला माझा पाय क्लचवरून सटकत होता. चौघं पांढऱ्या कपड्यांत आले. आबासाहेब मागं बसले, पैलवान बसले, तिसरे बसले, उपाध्यक्ष पुढं माझ्याजवळ. गाडी एकदा कण्हली आणि खाली गेली. पोती बसवल्यावर गेली होती त्यापेक्षा चांगली दोन बोटं जास्त.

मिस्त्री घोळक्याच्या कडेला उभे होते. ते पुढं आले, गाडीखाली वाकले आणि त्यांनी हात आत घातला. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी माझ्यापुढं एक बोट धरलं. तीन नव्हे, एक. मग त्यांनी मागच्या सीटवर बसलेल्या माणसांकडं पहिल्यांदा नीट बघितलं आणि माझ्या खिडकीशी आले.

"भाऊसाहेब, त्या कागदाला शिक्का हुता."

"होता."

"मंग खोटा कसा?"

मला मागं वळून एवढंच म्हणायचं होतं की गाडी जड झालीय, दोघांनी मागून यावं. मी लांबलचक भाषणं लिहीत असे, पण ते एक वाक्य मला येईना. कारण त्यापुढचा प्रश्न जड कशानं झाली हा होता आणि समोर चार गावं उभी होती.

शेवटी मिस्त्रीच बोलले. आबासाहेबांपुढं हात जोडून म्हणाले की दोघांनी बैलगाडीतनं यावं. आबासाहेब लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं हसले. "मिस्त्री, मोटारीला तुम्ही भिताय. आम्ही नाही." लोकही हसले.

मिस्त्री मागं फिरले. ते निघून चालले असं वाटून मला जेवढी भीती वाटली तेवढी आधी वाटली नव्हती. पण ते चावडीच्या ओट्याखालचा एक मोठा धोंडा उचलून घेऊन आले आणि माझ्या दाराबाहेर, फुटबोर्डावर, धोंडा मांडीवर घेऊन बसले. एक हात त्यांनी माझ्या खिडकीतून आत घालून खांब धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिस्त्री पहिल्यांदा गाडीवर बसले म्हणून. भूमिपूजनाचा दगड समजून एका बाईनं त्या धोंड्याला हळद-कुंकू लावलं. गाडीवर भरवसा उरला नाही तेव्हाच हा माणूस तिच्यावर चढतो, हे तिथं एकट्या मला कळलं होतं.

सपाटीवर काही झालं नाही. घाटाच्या तोंडाशी मिस्त्री माझ्या कानाशी आले. "पयल्यात ठिवा. ब्रेकला पाय लावू नका. म्या सांगीन तवाच."

उतार सुरू झाला आणि पहिल्या खड्ड्याला खालून आवाज आला. टक. मोठा नव्हता. दारावर कुणी बोट वाजवावं तसा. पण तो माझ्या तळपायांना लागला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा. शाफ्ट फिरता फिरता पट्टीला शिवत होता आणि पट्टीच्या कडेला ब्रेकची नळी होती. धोंडा पायांशी अडवून मिस्त्री फुटबोर्डावर आडवे झाले, डोकं खाली घालून गाडीच्या पोटाकडं बघू लागले. त्यांचा एक हात वर होता आणि प्रत्येक आवाजाला तो दारावर एकदा पडत होता. कडेला उभी असलेली माणसं त्यांना साष्टांग नमस्कार समजून हात जोडत होती.

आबासाहेब मागून म्हणाले, काय बैलगाडीसारखी नेतोस, लोक बघतायत. मी मान हलवली. पहिला गिअर उडू नये म्हणून दांडा डाव्या हातानं दाबून धरला होता. जीपच्या त्या गिअरबॉक्सला उतारावर गिअर टाकून द्यायची सवय होती, हे मिस्त्रींनी मला सांगितलेलं होतं. तेव्हा ते ऐकायला गमतीचं वाटलं होतं.

निम्म्या घाटात टक टक सलग झालं. मग करकर. मग एकदम गप्प. मिस्त्रींचा हात दारावर पडायचा थांबला. आरशात बघितलं तर मागं पांढऱ्या खडीवर ओली काळी रेघ उठत होती. त्यांनी सांगायच्या आधीच मी ब्रेकवर पाय ठेवला. तो तळाला जाऊन टेकला आणि तिथंच राहिला.

खालच्या वळणावर खडीचं काम चालू होतं. शे-दीडशे माणसं, निम्म्या बायका, रस्त्यावरच बसून दगड फोडत होती. मोटार दिसल्यावर ती उठली. बाजूला व्हायला नाही, बघायला. हातात हातोडे घेऊन ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि आबासाहेबांनी त्यांच्याकडं बघून हात हलवला.

दांडा हातात उड्या मारत होता. तो एकदा सुटला की गाडी माझी नव्हती.

मिस्त्री उठून बसले. त्यांनी मागचं दार उघडलं. आवाज चढवला नाही, पण तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"आबासाहेब, उतरा."

"काय?"

"ब्रेक गेलाय. गाडी चालत्या मानसायवढी हाय, उडी मारा. तुमी उतरला तर ती पेलंल. न्हायतर म्होरं बाया हायत."

पहिली उडी पैलवानांनी मारली. मग तिसरे. उपाध्यक्ष दार उघडून बाहेर पडले आणि दोन कोलांट्या घेऊन बसले. गाडी दर उडीला थोडी वर येत होती, पण दांडा अजून थडथडत होता. आबासाहेब दोन्ही हातांनी पुढची सीट धरून होते. मी आरशात त्यांचे डोळे बघितले आणि माझी भीती तिथं होती, थोडी जास्तच. मिस्त्री आत झुकले आणि त्यांनी आबासाहेबांची बोटं एकेक करून सीटवरून सोडवली. मग त्यांना खांद्याला धरून बाहेर लोटलं. आबासाहेब मऊ मातीच्या ढिगात पडले.

गाडी वीतभर उठली. दांडा हातात शांत झाला. मिस्त्री फुटबोर्डावरून उतरले आणि धोंडा पोटाशी धरून शेजारून चालू लागले. मग धावत थोडं पुढं झाले आणि त्यांनी तो माझ्या बाजूच्या पुढच्या चाकाखाली ठेवला. गाडी त्यावर चढली, क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि मागं घसरून उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या बायका सात-आठ पावलांवर होत्या. त्यांतली एक पुढं येऊन म्हणाली, "बिगाडली व्हय गाडी?"

"गाडी न्हाय," मिस्त्री म्हणाले आणि खाली बसले. मला दांड्यावरचा हातच काढता येईना. शेवटी त्यांनी उठून खिडकीतून हात घालून माझी बोटं सोडवली, तशीच, एकेक करून.

कुणाला मोठं लागलं नव्हतं. आबासाहेब आणि बाकीचे भूमिपूजनाच्या जागेपर्यंत दोन मैल पायी गेले. वाटेत मोटार सोडून खडी फोडणाऱ्यांमधून चालणारे पुढारी म्हणून त्यांचा जयजयकार झाला.

पंधरा दिवसांनी चौकशी समितीचा ठराव झाला. गाडीच्या कामात तांत्रिक दोष राहिल्यामुळं सदर प्रसंग उद्भवला आणि त्याची जबाबदारी मिस्त्रींची आहे, असं त्यात होतं. शब्द माझेच होते. नकार द्यायला मला त्या दिवशीही एक वाक्य पुरलं असतं. ठराव मिस्त्रींना कळवायचं कामही माझ्याकडं आलं. शेडवर जाऊन मी तो त्यांना वाचून दाखवला. ते रस्त्याकडे पाठ करून बसले होते. वाचून झाल्यावर मी वर बघायचं टाळलं.

"शिक्का हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

ते हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. "मंग माजी चूक न्हाय," ते म्हणाले आणि पुन्हा पाना हातात घेतला.

ठराव एकमतानं मंजूर झाला होता. समितीत चार सदस्य होते आणि प्रसंग घडला तेव्हा ते चौघंही गाडीत होते.